शाळा मानवली नाही

धोटे मास्तर उभ्या उभ्या झोपत. ही थाप नाही. माझ्या बाकीच्या गोष्टींतलं निम्मं तुम्ही खुशाल सोडून द्या, पण ही पुरी घ्या. फळ्यावर ‘बहुव्रीही’ लिहिताना ‘बहु’पाशी खडू थांबायचा, मान किंचित पुढं यायची आणि मास्तर गेले. वर्ग गुपचूप बसून राहायचा. पोरं अख्ख्या नागपुरातून निवडून काढलेली. तेवढ्या वेळात ती पुढच्या तासाचा अभ्यास उरकून घ्यायची. मग रस्त्यावर एखादा रिक्षावाला घंटी वाजवायचा आणि मास्तर डोळे न उघडता ‘व्रीही’ लिहून टाकायचे, त्याच ओळीत, त्याच उंचीवर. एकदा म्हणे एक चिमणी त्यांच्या खांद्यावर घरटं बांधायच्या विचारात होती. हे मात्र मी पाहिलेलं नाही.

मी त्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. ड्रॉइंगचे मार्क बेरजेत धरत नसत, त्यामुळे माझ्याशी भांडायला कोणी येत नसे, आणि माझ्याकडे कोणी बघतही नसे. अशा माणसाला दुसऱ्यांकडे बघायला वेळच वेळ असतो.

शाळेचं नाव सांगत नाही. ज्यांची पोरं तिथं लागली त्यांना ते सांगावं लागत नाही, आणि ज्यांची लागली नाहीत त्यांना ते ऐकवत नाही. पाचवीत जागा चाळीस. प्रवेश परीक्षेच्या दिवशी रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या मोटारी एका बाजूला आणि रामटेकहून पहाटेच्या बसनं आलेली माणसं दुसऱ्या बाजूला. मधला रस्ता त्या दिवसापुरता नकाशातून नाहीसा व्हायचा. आत गेलेल्या पोराला आया गेटच्या जाळीतून शेवटच्या क्षणापर्यंत पाढे विचारत असायच्या. मी एका बापाला शाळेच्या भिंतीला हळद-कुंकू लावताना पाहिलंय. भिंतीला चुना मी लावून घेतला होता, म्हणून लक्षात राहिलं.

आत गेल्यावर सुटका झाली असं समजू नका. दर महिन्याला परीक्षा आणि दर परीक्षेनंतर नंबराप्रमाणं बसायचं. पहिल्या बाकाला पोरं ‘रामदासपेठ’ म्हणत आणि शेवटच्या, खिडकीजवळच्या बाकाला ‘खापा’. आता धोटे मास्तर स्वतः खाप्याचे. कन्हानच्या काठावर वाढलेले, घरी हातमाग. ही बाकांची नावं कोणीतरी भीत भीत त्यांच्या कानावर घातली, तर म्हणाले, “बरोबर हाये. खाप्याले हवा चांगली येते.”

मास्तर थकलेले असत ते वह्यांमुळं. त्यांच्याकडं एक सायकल होती, पण वीस वर्षांत मी त्यांना तिच्यावर बसलेलं पाहिलं नाही. कॅरिअरवर वह्या, हँडलला दोन्हीकडं वह्यांच्या पिशव्या, दांड्यावर वह्या. मास्तरांना जागाच उरत नसे. ते शेजारून चालत. लांबून वाटे, एखादी आजारी म्हैस घरी नेताहेत.

वह्या तपासायचे ते पेन्सिलीनं. मार्कही पेन्सिलीनं. वही मिळाली की पोरानं आपला पेपर वाचायचा, मार्क पटले तर त्यावर स्वतःच्या हातानं शाई फिरवायची, नाही पटले तर भांडायला यायचं. हेडमास्तरांना ही पद्धत मुळीच आवडत नसे. ते म्हणत, पोरांच्या सहीनं मार्क द्यायला ही काय ग्रामपंचायत आहे? पण मास्तरांचा निकाल चांगला लागे, म्हणून ते गिळून घेत. व्हायचं काय, की हुशार पोरं अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी मास्तरांचं डोकं खात. मधल्या सुट्टीत त्यांच्या खुर्चीभोवती अशी गर्दी की जणू आत कोणी पडलंय. आणि कोणीही कितीही तावातावानं आलं, की मास्तरांचं वाक्य ठरलेलं: “पहिले बस तं खरं.” मग बसायला जागा असो की नसो. एकदा इन्स्पेक्टर भर मैदानात काहीतरी ओरडत त्यांच्या अंगावर आले, तर त्यांनाही हेच. साहेब इकडंतिकडं खुर्ची शोधू लागले आणि रागाचा धागा तुटला तो तुटलाच.

आता शकू बोकडेची गोष्ट.

सत्तरच्या आसपासची प्रवेश परीक्षा. शुद्धलेखनाचा उतारा सगळ्या खोल्यांत एकसारखा ऐकू जावा म्हणून हेडमास्तरांनी लाऊडस्पीकर आणला आणि वाचायला धोटे मास्तरांना बसवलं. मास्तर वर्गात शुद्ध बोलत, स्टाफरूममध्ये खाप्याचं. मधे एक दार होतं आणि एरवी ते नीट बंद असायचं. त्या दिवशी आदल्या रात्रीच्या वह्यांनी ते किलकिलं राहिलं असावं. उताऱ्यात राजा एका कुंभारावर खूश होतो. कर्णा सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “राजाने त्याले जवळ बोलावले.”

कोणाच्या लक्षात आलं नाही. मी स्वतः पाच नंबरच्या खोलीत पहारा करत होतो आणि मला ‘त्याला’च ऐकू आलं. समोरच्या पोरांनीही ‘त्याला’ लिहिलं. शेकडो पोरांनी लिहिलं. शिकवणीत तयार झालेली पोरं ती, झोपेतसुद्धा शुद्ध घोरणारी.

यादी लागली. दुसऱ्या दिवशी वीज मंडळातला एक लाइनमन, प्रल्हाद बोकडे, पोरीचा हात धरून आला. पोरगी अर्ध्या मार्कानं चाळिसाव्या नंबराच्या खाली राहिली होती. तो भांडायला आला नव्हता; कुठं चुकलं तेवढं कळलं तर पुढच्या पोराच्या वेळी बरं, असं त्याचं म्हणणं. पेपर काढला. ‘त्याले’खाली लाल रेघ, अर्धा मार्क गेलेला. हेडमास्तर पोरीला समजावून सांगू लागले की आपण घरी कसंही बोललो तरी लिहिताना काळजी घ्यावी. पोरगी म्हणाली, “सरांनीच ‘त्याले’ म्हटलं. मी आयकलं तसं लिवलं.”

धोटे मास्तर तिथंच बाकी पेपर बांधत बसले होते. त्यांचा हात थांबला. “म्हटलं असन,” ते म्हणाले.

हेडमास्तर म्हणाले, “धोटे, बाकी एवढ्या मुलांनी ‘त्याला’ लिहिलं आहे.”

“बाकीच्यांनी मनानं लिवलं, सर. आयकून राहिली होती ते हे एकटीच.”

त्यानंतर जे झालं त्याला मी स्टाफरूममध्ये लढाई म्हणायचो. खरं तर मास्तर फक्त तीन दिवस हेडमास्तरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून राहिले, मधल्या सुट्टीत, वह्या तपासत. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी हात टेकले. वर्गात बाकं वीस, दोन दोन पोरांची. एक्केचाळिसाव्या पोरीसाठी प्रयोगशाळेतून एक उंच स्टूल आणलं. त्यावर बसली की शकूचे पाय जमिनीला टेकत नसत.

पोरगी गुणी होती. शाळेची विजेची घंटा बंद पडली तेव्हा मिस्त्री यायच्या आत तिनं मला सांगितलं की तार कुठं सुटली असेल, आणि तिथंच सुटली होती. पण एखादी गोष्ट तिला कळायला वेळ लागे, आणि कळेपर्यंत ती पुढं सरकत नसे. त्या शाळेत वेळ सोडून बाकी सगळं मिळायचं. सहावीत तिचं स्टूल मधल्या बाकांपाशी असायचं, सातवीत ते ‘खाप्या’ला आलं आणि तिथंच राहिलं. बाकीची पोरं मार्क वाढवायला मास्तरांकडं यायची. ही एकदा कमी करायला आली. एका उत्तराला सहा मार्क मिळाले होते. म्हणाली, हे मी पाठ करून लिवलं, मले समजलं नाही. मास्तरांनी सहाचे तीन केले आणि ही गोष्ट आम्हा सगळ्यांना महिनाभर पुन्हा पुन्हा सांगितली. सांगताना ते इतके जागे असत की आम्हाला काळजी वाटे.

मग हळूहळू पोरीचा आवाजच बंद झाला. शिव्या नाहीत, छडी नाही, कोणी काही वाईट केलं नाही. पोरं तिला स्टूल म्हणत, तेवढंच. परीक्षेच्या सकाळी तिचं पोट दुखायचं. आठवीत मास्तरांनी तिची इतिहासाची वही सहज चाळली. इतिहासाच्या बाईंच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द तिनं उतरवला होता: “अकबराने गुजरातवर स्वारी केली खिडकी लाव ग कोण हसतंय तिकडे व सुरत जिंकली.” मास्तर एवढे हसले की चष्मा काढावा लागला. मला म्हणाले, पाहा गा हे. मी वाचलं, मीही हसलो. मग त्यांनी पुढची पानं उलटली. सगळी वही तशीच होती. महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय, हे ठरवायची हिंमतच त्या पोरीत उरली नव्हती. मास्तरांनी चष्मा पुन्हा लावला आणि वही मिटली.

नववीच्या शेवटी शाळा झाडू मारत असे. मॅट्रिकचा निकाल खराब करतील अशी चार-दोन पोरं काढायची. पण काढली असं म्हणायचं नाही. पालकांना बोलवायचं, अर्ज लिहून घ्यायचा, आणि दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात एक रबरी शिक्का मारायचा: ‘पालकांच्या इच्छेवरून’. शिक्का इतका वापरलेला की पहिला शब्द झिजून गेला होता. नुसतं ‘इच्छेवरून’ उमटायचं. कोणाच्या, ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

त्या वर्षी यादीत पहिलं नाव शकूचं. आणि बोकडे अर्ज लिहून देईना. त्याच्या पोरीचं नाव त्या शाळेत लागल्यापासून त्याच्या वस्तीत त्याला लोक ‘साहेब’ म्हणू लागले होते. तो मास्तरांकडं आला, पायाशी बसला आणि म्हणाला की तुम्हीच घेतलं तिला, आता तुम्हीच ठेवा. मास्तरांनी ठरवलंही तसंच. हेडमास्तरांच्या केबिनबाहेरचा बाक त्यांनी पुन्हा झटकून ठेवला, हे मी पाहिलं.

त्याआधी फक्त एक काम त्यांनी केलं, जे पाच वर्षांत आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. त्यांनी शकूला माझ्या ड्रॉइंगच्या खोलीत बोलावलं, कारण ती खोली रिकामी असायची. पहिले बस, म्हणाले. मी ब्रश धूत होतो. त्यांनी विचारलं, “तुले राहाचं हाये का वं इथं?”

पोरगी खाली बघत राहिली. मग म्हणाली, “तुमी मले घेतलं ना, सर. मंग मी जाऊ कशी?”

ब्रश किती वेळ धुवावेत याला मर्यादा असते. मी नळ बंद केला. मास्तरांचं तोंड एखाद्यानं कानाखाली मारल्यासारखं झालं होतं. मी थापाड्या माणूस आहे, पण त्या तोंडाला मला वाढवून सांगायला काही मिळत नाही. पाच वर्षं ती पोरगी त्या स्टुलावर त्यांच्या न्यायाचं ओझं घेऊन बसली होती, आणि ते खूश होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला बरोबर घेतलं आणि बोकडेला शोधत निघाले. तो सापडला एका खांबावर. खाली मास्तर सायकल धरून उभे, वर बोकडे, मधे तारा. मास्तरांनी मान वर करून सांगितलं की पोरीला त्या शाळेतून काढू. वरून उत्तर आलं, “घेतलं तुमीच, आता काढता बी तुमीच? खेळ लावला का मास्तर?” रस्त्यावर माणसं जमली. मास्तर म्हणाले, खाली या, बसून बोलू. तो म्हणाला, मी बसलोच हाये. आणि खरंच तो स्वतःला पट्ट्यात अडकवून खुशाल बसला होता. त्याच्यावर मास्तरांचं ते वाक्य चालण्यासारखंच नव्हतं.

मग मास्तर ओरडून बोलले. तेवढ्या मोठ्या आवाजात मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं, लाऊडस्पीकरवरसुद्धा. “ते पोरगी माझ्यासाठी बसून राहिली पाच वर्सं, बोकडे. आन् तुमच्यासाठी. तिच्यासाठी कोन हाये, ते सांगा.”

बोकडे बराच वेळ तार जोडत राहिला. नंतर उतरला, हात पुसले आणि एवढंच विचारलं, कागदावर काय लिहाल? नापास लिहाल का? पोरीले नालायक म्हनाल का?

तो दाखला वर्गशिक्षक म्हणून धोटे मास्तरांनीच लिहिला. शिक्का मारू दिला नाही. कारणाच्या रकान्यात त्यांनी शाईनं लिहिलं: ‘शाळा मानवली नाही.’ क्लार्क म्हणाला, सर, असं कसं लिहिता. मास्तर त्याला म्हणाले की माणसाला एखाद्या गावचं पाणी मानवत नाही, हवा मानवत नाही. त्यात पाण्याची चूक नसते आणि माणसाचीही नसते. पोरीत खोट नाही, शाळेतही नाही, मग तिसरं काय लिहू? हेडमास्तरांनी दाखल्यांच्या गठ्ठ्यात न वाचता सही केली. शकू ज्या कॉर्पोरेशनच्या शाळेत गेली तिथल्या मुख्याध्यापकांनी फोन करून हा कोणता रोग आहे असं विचारलं, तेव्हा भडका उडाला. थकव्यात हे चुकून लिहिलं काय, असा मास्तरांकडं लेखी खुलासा मागितला. त्यांनी दिला, दोन ओळींचा: मी थकलेलो आहे हे खरे आहे. वाक्य बरोबर आहे.

त्यानंतर त्यांना लाऊडस्पीकरवर कोणी बसवलं नाही, आणि सुपरवायझरची जागा त्यांच्याहून सहा वर्षं लहान माणसाला गेली. बोकडेनं दाखला तीनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि पुढं रस्त्यात भेटला तरी मास्तरांना नमस्कार केला नाही. पोरगी बोलायला लागली, एवढं मला दुसऱ्याकडून कळलं. कॉर्पोरेशनच्या शाळेत कोणाशी तरी तिचं कडाक्याचं भांडण झालं, हे ऐकून मास्तरांनी मला चहा पाजला.

इथं मला गोष्ट रंगवता आली असती. शकू मोठी इंजिनियर झाली, धरणावर वीज काढली, असं मी दहा ठिकाणी सांगितलंही असेल. झालं ते असं की ती सेकंड क्लासमध्ये मॅट्रिक झाली, वीज मंडळात बिलाच्या खिडकीवर लागली आणि लग्न होऊन मानेवाड्याला राहायला गेली. वाईट झालं नाही. फार चांगलं झालं असंही कोणी म्हणणार नाही. आपल्या शाळेत राहिली असती तर काय झालं असतं, हे मास्तर मला अधूनमधून विचारत.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते पंच्याऐंशीच्या सुमारास. ते रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. मी मुलाकडं जबलपूरला कायमचा निघालो होतो, म्हणून निरोप घ्यायला त्यांच्या सक्करदऱ्याच्या घरी गेलो. बसलो न बसलो तोच शकू आली, बरोबर पाच वर्षांची पोरगी. आमच्या त्या शाळेनं आता बालवर्गही काढला होता आणि बालवर्गालाही परीक्षा ठेवली होती. रंग ओळखा, फळं ओळखा, वडील काय करतात ते सांगा. शकूनं पर्समधून फॉर्म काढला आणि म्हणाली, सर, एवढा भरून द्या, तुमचं अक्षर चांगलं आहे.

मास्तर फॉर्मकडं बघत राहिले. “इसरली का वं सारं?”

“इसरली नाही, सर. मले जमलं नाही. हे माझ्यावानी नाही, पटापट बोलते.”

“आन् नाही जमलं तं?”

शकू हसली. चाळीस पोरांच्या त्या वर्गात मी तिला कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं. “तं तुमी हाये ना काढाले.”

मास्तरांनी पेन उघडलं. पोरीचं नाव, जन्मतारीख, बापाचा धंदा. मग एका रकान्यापाशी ते अडले. ‘आई या शाळेची माजी विद्यार्थिनी आहे काय?’ त्यांनी तो मोठ्यानं वाचला आणि शकूकडं पाहिलं. काय लिहू, म्हणाले.

“होय लिवा ना. पाच वर्सं होतो ना आपन तिथं.”

त्यांनी ‘होय’ लिहिलं. पोरगी खाटेवर उभी राहून खिडकीच्या गजांना लोंबकळत होती. शकूनं तिला उतरवलं, दोघी पाया पडल्या आणि गेल्या. मास्तर त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेले आणि रिक्षा वळेपर्यंत तिथंच थांबले. परत आले ते कुंपणाचे खांब धरत धरत.

“ते पोरगी नववीत जाईन,” त्यांनी मला विचारलं, “तवा मी किती वर्साचा होईन गा?”

मी हिशोब केला. एरवी मी असल्या हिशोबात दहा इकडं दहा तिकडं करतो. “एकाहत्तर,” मी म्हणालो.

“म्हंजे तेवढं राहा लागन मले,” ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण शोधायला लागले.